टँकवरचा खोकला

गेल्या महिनाभरात तीन जणींनी फोन करून एकच विचारलं, "तुझ्या त्या पोहण्याच्या खोकल्याचं शेवटी काय निघालं गं?" प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा तारखा, खर्च, हेलपाटे असं सगळं एका जागी लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. इथले आकडे माझ्या वहीतले आहेत. पोहण्याच्या टँकचं नाव लिहीत नाही. हिवाळ्यात दारं-खिडक्या लावून चालणाऱ्या कुठल्याही बंदिस्त टँकवर हे होऊ शकतं.

माझे वडील गोदावरीत पोहायला शिकले. पाठीला सुका भोपळा बांधला आणि आजोबांनी दिलं ढकलून. मला मात्र पाणी भेटलं ते चाळिशी ओलांडल्यावर. कंबरदुखीसाठी हाडांच्या डॉक्टरांनी पोहणं सुचवलं आणि जुलै २०२४ मध्ये मी घरापासून स्कूटीवर दहा मिनिटांच्या अंतरावरच्या बंदिस्त, कोमट पाण्याच्या टँकवर नाव घातलं. तीन महिन्यांचे ₹७,५००, ओळखपत्राचे वेगळे ₹३०० आणि फॅमिली डॉक्टरांचा फिटनेस दाखला. सकाळी सहाची बॅच. महिन्याभरात पाण्यात तोंड घालायची भीती गेली, गणपतीपर्यंत मी न थांबता आठ फेऱ्या मारायला लागले. कंबर इतकी सुधारली की वर्गात फळ्यापाशी सलग उभी राहू लागले. पोहणं मला किती प्रिय झालं होतं हे आधीच सांगते, कारण पुढे जो तो मला 'सोडून दे ते पोहणं' एवढंच सांगत होता.

दिवाळी झाली आणि थंडी पडली. पेपरात निफाडचा पारा छापून यायला लागला की नाशिककर घराच्या खिडक्या लावतात, तसं टँकवरही झालं. भिंतीत वर असलेल्या झडपांवर आतून प्लास्टिकचा कागद लावला, दोन्ही एक्झॉस्ट पंखे बंद केले. त्यातल्या एकाची मोटर तशीही जळालेलीच होती. आतली ऊब टिकायची, पाण्यातून बाहेर आल्यावर हुडहुडी भरायची नाही, आम्हा सगळ्यांनाच बरं वाटायचं. एकदा उघडी राहिलेली झडप मीच मावशींना सांगून लावून घेतली होती. आत पाऊल टाकताच तो ओळखीचा वास नाकात शिरायचा, डोळे चुरचुरायचे. मला वाटायचं, क्लोरीन चांगला मारलाय, पाणी स्वच्छ असणार.

४ डिसेंबर, बुधवार. पाचव्या फेरीच्या मध्यावर श्वास घ्यायला मान वळवली आणि श्वास आत जाईना. गेला तो अर्ध्यावर अडला. कशीबशी काठाला आले, पट्टी धरली आणि अशी ढास लागली की पोटाचे स्नायू दुखायला लागले. पोहणं शिकवणारे सर धावत आले, पाठीवर थोपटलं, म्हणाले, "मॅडम, घाबरू नका. पोहणाऱ्यांना असतो हा खोकला." त्यांचा स्वतःचा आवाज कायम बसलेला. सकाळी पाच ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ ते त्याच टँकच्या काठावर उभे असतात. ते त्या दिवशी मला जाणवलं नाही.

घरी आले तरी छातीवर कुणी हात ठेवून दाबतंय असं दुपारपर्यंत वाटत होतं. दोन दिवसांनी फॅमिली डॉक्टर. ₹३०० फी, कफ सिरप आणि पाच दिवसांचं अँटिबायोटिक. "थंडी बाधलीय." सासूबाईंनी अडुळशाचा काढा सुरू केला, रात्री ज्येष्ठमधाची कांडी तोंडात. दोन-तीन दिवस टँकला सुट्टी दिली की बरं वाटायचं, गेलं की पुन्हा तेच. मधल्या काळात सासूबाई दबक्या आवाजात नवऱ्याला म्हणाल्या, "क्षयाचं तर नाही ना?" ती शंका मलाही रात्री झोपू देत नव्हती. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करावीच, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. हे मला माहीत होतं, तरी मी दिवस ढकलत राहिले. ती माझी चूक होती.

२५ डिसेंबरपासून आठवडाभर सिन्नरला माहेरी होते. तिथली थंडी नाशिकपेक्षा कमी नाही. पहाटे गोठ्यात गेले, शेकोटीजवळ बसले, एकदाही खोकले नाही. २ जानेवारीला टँकवर परतले आणि चौथ्या फेरीला ढास. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की हा थंडीचा खोकला नव्हे.

छातीच्या डॉक्टरांची वेळ ९ जानेवारीची मिळाली. साडेदहाची वेळ, नंबर लागला एक वाजता. फी ₹७००, एक्स-रे ₹४००, फुफ्फुसाची तपासणी म्हणजे पीएफटी ₹१,१००. एक्स-रे स्वच्छ आला आणि घरी फोन करून आधी तेवढंच सांगितलं.

पीएफटी कुणी केली नसेल तर सांगते, दुखत काही नाही, पण दम लागतो. नाकाला चिमटा लावतात, तोंडात पुठ्ठ्याची नळी देतात, पूर्ण श्वास भरून घ्यायला लावतात आणि मग समोरची मुलगी ओरडायला लागते, "सोडा, सोडा, सोडा, अजून, अजून, अजून!" फुफ्फुसात काहीच उरलं नाही असं वाटतं तरी ती थांबू देत नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. असं तीनदा. मग श्वास मोकळा करणाऱ्या औषधाच्या पंपाचे (इनहेलरचे) चार झोत देऊन पंधरा मिनिटं बसवतात आणि पुन्हा तीनदा फुंकायला लावतात. औषधाने हवेचा वेग ठरावीक टक्क्यांहून जास्त वाढला तर आधी श्वासनळ्या आवळलेल्या होत्या असं कळतं. जाण्याआधी फोन करून कुठली औषधं किती तास बंद ठेवायची ते विचारा, नाहीतर परत पाठवतात. माझ्यासमोर एका काकांना तसं परत पाठवलं. ते येवल्याहून आले होते.

माझा रिपोर्ट नॉर्मल आला. मला रडू आलं. काहीतरी निघावं असं वाटत होतं का, असं कुणी विचारेल. हो, वाटत होतं. एव्हाना घरात सगळ्यांना हा मनाचा खेळ वाटायला लागला होता.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "शेवटचं कधी पोहलात?" सोमवारी, म्हटलं. "आज गुरुवार. तीन दिवसांत नळ्या मोकळ्या होऊ शकतात. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ आत्ता नॉर्मल आहे, एवढाच." मग त्यांनी मला पीक फ्लो मीटर घ्यायला सांगितलं. वीतभर लांब प्लास्टिकची नळी, वर आकड्यांची पट्टी, फुंकलं की काटा सरकतो आणि श्वास किती वेगाने बाहेर पडला ते मिनिटाला लिटरमध्ये दाखवतो. मेडिकलमध्ये ₹५५० ला मिळाला. उभं राहून, पट्टीवर बोट न ठेवता तीनदा फुंकायचं आणि सगळ्यांत मोठा आकडा वहीत लिहायचा. उठल्यावर, टँकवर जाण्याआधी, पाण्यातून आल्यावर दहा मिनिटांनी आणि रात्री. एक आठवडा टँकवर जाऊन, एक आठवडा न जाता. शिवाय जमलं तर एकदा उघड्या टँकमध्ये तेवढंच पोहून.

१३ जानेवारीपासून वही सुरू झाली. तीच वही समोर ठेवून लिहितेय. १४ तारखेला, संक्रांतीच्या दिवशी, टँकवर जाण्याआधी ३७०, आल्यावर २९०. १८ तारखेला ३६५ आणि २८५. म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त घसरण. १९ ला रविवारी गोवर्धनजवळ ओळखीच्यांच्या शेतावरच्या उघड्या टँकमध्ये भर दुपारी तेवढ्याच फेऱ्या मारल्या. पाणी बर्फासारखं. तरी आधी ३७०, नंतर ३५५. पुढचा सगळा आठवडा टँकवर गेले नाही, आणि आकडा ३६५ ते ३८० च्या मध्येच. पेन्सिलने रेघ ओढून आलेख काढला तेव्हा नवरा वाकून बघत म्हणाला, "हे तर स्पष्टच दिसतंय की." त्या एका वाक्याने मला जेवढा धीर आला तेवढा कुठल्या काढ्याने आला नव्हता.

२८ जानेवारीला डॉक्टरांनी वही पाहून निदान सांगितलं: दमा. टँकवरच्या हवेने चेतवला जाणारा. शब्द ऐकताच पोटात गोळा आला. माझ्या आत्याला दमा होता, ती रात्र रात्र बसून काढायची. डॉक्टरांनी पंधरा मिनिटं दिली, ती मी विसरणार नाही. त्यांनी जे समजावलं त्यात नंतर माझ्या वाचनाची भर पडली. ते असं आहे.

टँकच्या हवेतला वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. आपल्या घामातला आणि लघवीतला युरिया, अंगाचं तेल, मळ, क्रीम यांच्याशी क्लोरीन झगडतो आणि त्यातून क्लोरामाइन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यातलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात फारसं विरघळून राहत नाही, उडून वर येतं आणि बंद हॉलमध्ये साचतं. पाणी जितकं कोमट आणि हातपाय मारून जितकं घुसळलं जाईल तितकं ते जास्त सुटतं. पोहणाऱ्याचं नाक असतं नेमकं पाण्यालगत, वर दमून तो खोल आणि भराभर श्वास घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बंदिस्त टँकच्या हवेसाठी घनमीटरमागे ०.५ मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा सुचवली. फ्रान्सने पुढे ती याहून खाली आणली. इंग्लंडमध्ये २००२ साली डॉक्टरांनी टँकवरचे जीवरक्षक आणि पोहणं शिकवणाऱ्यांना याच हवेने कामाच्या जागी दमा झाल्याचं नोंदवलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या सरांचा बसलेला आवाज आठवला.

मुलांच्या बाबतीत शास्त्रज्ञांचं एकमत नाही, हेही सांगायला हवं. बेल्जियमच्या संशोधकांनी २००३ मध्ये बंदिस्त टँक आणि लहान मुलांचा दमा यांचा संबंध मांडला, पण ब्रिटनमध्ये हजारो मुलांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून केलेल्या अभ्यासात, २०११ मध्ये, पोहणाऱ्या मुलांत दमा वाढलेला दिसला नाही, उलट त्यांची फुफ्फुसं जास्त सक्षम आढळली. म्हणून कुणी हे वाचून मुलांचं पोहणं बंद करू नका. माझे डॉक्टर तर म्हणाले, "दम्याच्या माणसाला पोहण्यासारखा व्यायाम नाही, दमट हवा नळ्यांना मानवते. तुम्हाला हवा चांगली मिळाली पाहिजे."

औषध म्हणून पंप दिला, ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉलचा. पंप ₹४२०, सोबत ₹३५० चा स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी. घरी पंप पाहून सासूबाई घाबरल्या. "त्याची सवय लागते म्हणतात." मी त्यांना पुढच्या खेपेला डॉक्टरांकडेच घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांना समजावलं की गोळीत औषध मिलिग्रॅममध्ये असतं, पंपात मायक्रोग्रॅममध्ये, आणि जातं थेट जिथे हवं तिथे. तेव्हापासून रात्री "पंप घेतलास का?" असं त्याच विचारतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्पेसर वापरा, नाहीतर दाबायची आणि श्वास घ्यायची वेळ जुळत नाही आणि औषध घशालाच चिकटतं. आणि घेतल्यावर खळखळून चूळ भरा.

आणखी एक, फार उपयोगी पडलं ते: डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या. निदान, पीक फ्लोचे आकडे आणि 'हवा खेळती ठेवणे आवश्यक' एवढं एक वाक्य. मला ₹२०० पडले. पुढे त्या कागदाशिवाय माझं कुणी ऐकलं नसतं.

३ फेब्रुवारीला व्यवस्थापकांना भेटले. बोलायला चांगले आहेत, पण म्हणाले, "मॅडम, वास येतोय म्हणजे क्लोरीन भरपूर आहे. दीडशे लोक येतात, क्लोरीन कमी करून कसं चालेल?" नोटीस बोर्डावर लॅबचा रिपोर्ट होता, त्यात जंतू नाहीत, पीएच ठीक. माझं सदस्यत्व महिनाभर थांबवून ठेवायचा अर्ज त्यांनी घेतला, पण त्यासाठी मला तीनदा जावं लागलं. एकदा फॉर्म संपले होते, एकदा सही करणारे नव्हते, तिसऱ्यांदा ओळखपत्राची झेरॉक्स हवी होती. तेव्हा जाताना झेरॉक्स आधीच काढून न्या.

मग मी पाणी स्वतः तपासायचं ठरवलं. हवेतलं ट्रायक्लोरामाइन मोजायला पंप आणि खास फिल्टर लागतात, ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण पाण्यात किती क्लोरीन मोकळा आहे आणि किती क्लोरामाइनमध्ये अडकलाय ते घरगुती किटने कळतं. ते तपासायचं टँकच्या काठावरच, तिथल्या तिथे. बाटलीतून नमुना लॅबला नेईपर्यंत आकडे बदलतात. टँकवर पंप चालवणारे दादा रोज पिवळे थेंब टाकून तपासायचे. त्याला ओटीओ म्हणतात, त्यात मोकळा आणि अडकलेला क्लोरीन वेगळा दिसत नाही. वेगळं दिसायला डीपीडी गोळ्या लागतात. ऑनलाइन ₹१,९०० चा किट मागवला, ८ फेब्रुवारीला आला.

१० तारखेला सोमवारी बॅच संपता संपता दादांना सोबत घेऊन बसले. कोपरभर खोलीवरून पाणी घेतलं, काचेची नळी त्याच पाण्याने दोनदा विसळली, खुणेपर्यंत भरली. एक नंबरची गोळी, बोटं न लावता पाकिटातूनच आत सोडली आणि दांडीने चुरली. पाणी फिकट गुलाबी झालं. शेजारच्या रंगपट्टीशी जुळवलं: लिटरमागे १.० मिलिग्रॅम. हा मोकळा क्लोरीन. मग त्याच पाण्यात तीन नंबरची गोळी चुरून दोन मिनिटं थांबलो. दादा मोबाइलवर वेळ बघत होते. गुलाबी रंग डोळ्यांदेखत गडद होत गेला, डाळिंबाच्या दाण्यासारखा. २.२. दोन्हींतला फरक १.२, तो अडकलेला क्लोरीन. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तो शक्यतो ०.२ च्या आत असावा. दादांनी नळी उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे ताई, माझ्या पिवळ्या थेंबाला हे सगळं क्लोरीनच दिसत होतं." दादा गावाकडे ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकायचं काम करून आलेले, क्लोरीनशी त्यांची जुनी ओळख. वास वाढला की लोक तक्रार करायचे, म्हणून ते हायपो (पातळ क्लोरीन) कमी टाकायचे. त्याने मोकळा क्लोरीन आणखी कमी व्हायचा आणि वास तसाच राहायचा. त्यांना हे कुणी कधी सांगितलं नव्हतं, यात त्यांचा काय दोष?

१२ फेब्रुवारीला अर्ज लिहिला. स्पर्धेच्या बॅचमधल्या मुलांच्या आया रोज बाकावर बसलेल्या असतात. त्यांना विचारलं तर प्रत्येकीच्या पिशवीत खोकल्याची बाटली. तेवीस सह्या झाल्या. तिथेच एका आईने मुलाचं कफ सिरप दाखवलं, त्यावर टर्ब्युटालिन लिहिलेलं. मुलगा राज्य स्पर्धेला जाणार होता. टर्ब्युटालिन जागतिक उत्तेजकविरोधी यादीत बंदी घातलेलं औषध आहे, आणि आपल्याकडे ते खोकल्याच्या कित्येक औषधांत सर्रास असतं. उपचार म्हणून लागतच असेल तर आधी रीतसर सूट मिळवावी लागते. साल्ब्युटामॉलचा पंप मात्र मर्यादेत चालतो: चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही आठ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. आपल्याकडचा नेहमीचा पंप एका झोताला १०० चा असतो, म्हणजे आठ तासांत सहा झोत. मुलं स्पर्धेत उतरत असतील तर बाटलीमागची बारीक अक्षरं वाचाच.

अर्जात चार गोष्टी मागितल्या. झडपा उघडाव्या आणि दोन्ही पंखे बॅच चालू असताना चालू ठेवावे. डीपीडीने रोज मोकळा आणि एकूण क्लोरीन मोजून बोर्डावर लिहावा. पाण्यात उतरण्याआधी शॉवर सक्तीचा करावा, कारण एक मिनिटाच्या शॉवरनेही अंगावरचा बहुतेक मळ-घाम निघून जातो. आणि पोहणाऱ्या प्रत्येकामागे रोज ३० लिटर पाणी बदलावं, हे जर्मनीसारख्या देशांतलं प्रमाण आहे. सोबत डॉक्टरांचं पत्र आणि पाण्याच्या तपासणीचे फोटो.

ऑफिसात अर्ज घेतला, पण पोच द्यायला नाही म्हणाले. "साहेबांना दाखवतो." मी वाद घातला नाही. त्याच दुपारी पोस्टात जाऊन संस्थेच्या अध्यक्षांच्या नावे रजिस्टर एडीने पाठवला, चाळीसेक रुपये लागले. २० फेब्रुवारीला सही-शिक्क्याचं गुलाबी कार्ड घरी आलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसचा फोन. समितीची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते, तुमचा विषय घेतलाय. पोच मिळत नसेल तर पोस्टाने पोचपावतीसह पाठवायचा हा मार्ग धरा. टँक सरकारी किंवा महापालिकेचा असेल तर आणखी सोपं, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात पाण्याच्या तपासणीची नोंदवही मागता येते, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.

८ मार्चची बैठक दोन तास चालली, त्यात माझा विषय वीस मिनिटं. मी डीपीडीचा किट घेऊन गेले होते. बोलण्याआधी टँकवरून आणलेलं ताजं पाणी टेबलावर तपासून दाखवलं. रंग गडद होताना सगळे खुर्च्या सोडून वाकून बघायला आले. आक्षेप दोन आले. बोअरला उन्हाळ्यात पाणी नसतं, रोज साडेचार हजार लिटर कुठून आणायचं? आणि थंडीत झडपा उघड्या ठेवल्या तर पाणी तापवायचं बिल किती वाढेल? दोन्ही खरे प्रश्न आहेत आणि माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. शेवटी असं ठरलं की फिल्टरचा बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) आठवड्यातून एकदाऐवजी तीनदा करायचा, त्यात जाणारं पाणी ताज्या पाण्याने भरायचं, म्हणजे तेवढं तरी बदलेल. पंख्याची मोटर रिवाइंड करून घ्यायची. बाकी दोन गोष्टी जशाच्या तशा मान्य झाल्या.

मोटरचे ₹६,२०० झाले. १९ मार्चला रंगपंचमी, त्या दिवशी टँक बंदच असतो. गावात लोक रहाडीत, म्हणजे रंगपाण्याच्या जुन्या हौदात, उड्या मारत होते तेव्हा इथे दादांनी सगळ्या झडपा उघडून, दोन्ही पंखे लावून, आत कुणी नसताना जास्तीचा क्लोरीन टाकून साचलेली क्लोरामाइनं तोडायचं काम केलं. २४ मार्चला अडकलेला क्लोरीन ०.५, २१ एप्रिलला ०.३. डोळे चुरचुरत नाहीत. आत गेलं की पाण्याचा वास येतो, औषधाचा नाही.

सगळे खूश झाले असं मात्र नाही. शॉवरच्या सक्तीवरून चेंजिंग रूममध्ये भांडणं झाली. एक ज्येष्ठ सदस्या माझ्याशी अजून बोलत नाहीत, उघड्या झडपांमुळे त्यांना मार्चच्या पहाटे गारठा बाधला. त्यांचंही खोटं नाही. डिसेंबरात काय होईल ते डिसेंबरात कळेल. बैठकीच्या इतिवृत्ताची सही केलेली प्रत मी मागून घेतली आहे, पंखे बंद करायचे नाहीत हे त्यात लिहिलेलं आहे.

मी २५ मार्चपासून पुन्हा पाण्यात आहे. पंप चालू आहे, डॉक्टरांनी जूनमध्ये मात्रा कमी करून बघू असं सांगितलंय. काल आठ फेऱ्या, आधी ३८०, नंतर ३६५. आतापर्यंत माझा खर्च फी धरून साधारण सात हजार झाला.

एप्रिलच्या सुरुवातीला मी सरांना माझा जुना पीक फ्लो मीटर धुऊन, तोंडाची नळी बदलून दिला. आधी नको म्हणाले. "मॅडम, काही निघालं तर? मला दुसरं काय येतं शिकवण्याशिवाय?" यावर मला काही बोलता आलं नाही. आठ दिवस मीटर त्यांच्या टेबलावर शिट्टीशेजारी पडून होता. मग एका सोमवारी त्यांनी स्वतःच हाक मारली आणि हजेरीच्या वहीचं शेवटचं पान दाखवलं. सुट्टीनंतर सोमवारी सकाळी ४७०. शनिवारी संध्याकाळी ३९०. तीन आठवड्यांचे आकडे, सुबक अक्षरात, मुलांच्या वेळा लिहितात तसे. ५ मेची त्यांची वेळ घेऊन दिली आहे, साडेअकराची. त्या सकाळची बॅच त्यांचे सहायक घेतील आणि वही घेऊन मी सोबत जाणार आहे.